दिगूदादाचा धप्पा

निफाडला आमच्या घरून सकाळी दळणाचा डबा घेऊन निघतच होते, तेवढ्यात घरातला फोन वाजला. पलीकडे सुनंदावहिनी. "ताई, हे गेले..." एवढंच बोलली. मेंदूत रक्तस्राव झाला होता, दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. त्यालाही आता काही आठवडे झाले. भावाविषयी लिही म्हणतात सगळे, पण हळू आवाजात लिहावं असा माझा दिगूदादा नव्हताच. तो आठवला की मला अजून आनंदाने ओरडावंसं वाटतं.

आम्ही जुन्या नाशकातले तांबट. दादा दुकानात बसून तांब्याचे बंब नि घागरी ठोकायचा, आणि वर्षभर वाट बघायचा ती रंगपंचमीची. आमच्या गल्लीच्या चौकात, रस्त्याखाली दगडाने बांधलेला खोल हौद आहे, त्याला रहाड म्हणतात. एरवी लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेली. रंगपंचमीला उघडायची, उकळलेल्या फुलांच्या रंगाने भरायची आणि काठावरून धाडकन उडी घ्यायची. तो धप्पा! दादाने धप्पा मारला की काठावरच्या गच्च्यांपर्यंत रंग उडायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो काम करता करता चक्कर येऊन पडू लागला. हृदयाचे ठोके फार मंद झाले होते. खांद्याजवळच्या शिरेतून तार आत घालून पेसमेकर बसवला. वर्षभरात त्या जागी पू झाला, सगळं काढावं लागलं, आणि शिरा अशा बुजल्या की दुसरी तार आत जाईना. दादा पलंगावर, शेजारी ठोके चालवणारं तात्पुरतं यंत्र, वहिनीचा चेहरा पांढराफटक. मुंबईहून आलेले सर्जन म्हणाले, "आतून रस्ता बंद आहे. बरगड्यांमधून जाऊन तार हृदयाच्या बाहेरच्या अंगाला टाक्यांनी बसवू. पेसमेकरची डबी डाव्या कुशीला, पोटाच्या कातडीखाली ठेवू."

दादा उठून बसला. "म्हणजे घागरीला बाहेरून कडी बसवतो, तसं?"

"अगदी तसं."

"मग ठीक हाय. कडी बाहेरून लावली म्हणून घागर काय गळत नाय!" आणि लगेच पुढे, "डॉक्टरसाहेब, रहाडीत उडी मारता येईल का?"

सर्जन मुंबईचे, त्यांना रहाड काय ठाऊक! दादाने त्या अवस्थेत हातवारे करून सगळं समजावलं. ते हसत म्हणाले, "आधी टेबलावरून खाली उतरा, मग बघू."

ऑपरेशन होईपर्यंत वहिनी आणि मी जिन्यात बसून एकमेकींचे हात दाबत होतो. सर्जन बाहेर आले तशा आम्ही उठून उभ्या राहिलो. ते म्हणाले, "तार जोडली आणि ठोका लगेच पकडला." वहिनी पुन्हा जिन्यातच खाली बसली, रडत, हसत.

पुढच्या रंगपंचमीला दादाला काठावर उभं राहून बघावं लागलं. तळमळला नुसता. त्याच्या पुढच्या वर्षी तपासणीत सगळं उत्तम निघालं. डॉक्टरांनी बजावलं, "पायावर उडी घ्या, पोटावर आपटायचं नाही, गर्दीत घुसायचं नाही." परवानगी मिळाली खरी, पण वहिनीची नव्हती. रंगपंचमीला दुपारी दादा काठावर जाऊन उभा राहिला आणि तिच्याकडे बघू लागला. रहाडीतली माणसं आपणहून बाहेर आली. वहिनी पुढे आली, डोक्यावरचा पदर खोचला आणि म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? मारा!"

दादाने दोन्ही हात वर केले आणि... धप्प! रंगाची भिंत उठली, आम्ही सगळे न्हालो. मग पाणी संथ होऊ लागलं. दादा वर येईना. वहिनीने माझ्या दंडात नखं रुतवली. आणि एकदम ते पिवळंधमक डोकं वर आलं, एक हात डाव्या कुशीवर, आणि दादा घसा फाडून ओरडला, "चालू हाय!" काय गलका झाला त्या चौकात! अनोळखी माणसं मिठ्या मारत होती. त्या रंगाने ऑपरेशनचा व्रण कितीतरी दिवस पिवळा राहिला. वहिनी बेसन लावून घासायला गेली तर म्हणाला, "असू दे गं, शोभतोय."

पुढे कितीतरी वर्षं तो असाच जगला. मध्ये एकदा डबी बदलली, तारेला हातही लावावा लागला नाही. गेला तेव्हा, आगीत ती फुटते म्हणून, अग्नी देण्याआधी डॉक्टरांनी डबी काढून घेतली. वहिनीने विचारलं, "आणि तार?" डॉक्टर म्हणाले, "ती आता हृदयाशी एकजीव झालीय, वहिनी." "मग राहू द्या त्यांच्यापाशी," ती म्हणाली.

परवा नाशिकला गेले. वहिनी दारातच उभी होती, मला जवळ घ्यायला पुढे झाली. दादाच्या डाव्या कुशीला धक्का लागू नये म्हणून त्या घरात सगळ्यांना एका बाजूनेच बिलगायची सवय लागली होती. आम्ही दोघीही नकळत तशाच, अंग सांभाळत, एका बाजूला झुकलो. मग थबकलो, एकमेकींकडे बघितलं आणि हसू फुटलं. ती म्हणाली, "अगं, आता कुणाला जपतोय आपण?" पण सरळ काही झाली नाही. मीही नाही.