पिकलर्सची टोपी

आयोवातल्या हॉलिसबर्ग गावात डेल्मर क्रूगकडे बेसबॉल संघांच्या तीनशे बारा जुन्या टोप्या होत्या, आणि तो मात्र भर उन्हात बोडका फिरायचा. टोपी घातली की आतल्या चामडी पट्टीला घाम लागतो आणि चामडं तडकतं, हे बायकोला त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की तिला ते पाठ झालं होतं.

चौतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झाल्यावर त्याने हा नाद लावून घेतला. टोपीचा आकार बिघडू नये म्हणून प्रत्येक टोपी एकेका पालथ्या वाडग्यावर बसवलेली. त्यामुळे त्याची बायको आर्लीन पाहुण्यांना सूप कॉफीच्या मगातून द्यायची.

पण एवढ्या संग्रहात त्याच्याच गावची टोपी नव्हती. हॉलिसबर्ग पिकलर्स हा काकडीचं लोणचं घालणाऱ्या कारखान्याचा संघ. १९५३ साली निघाला आणि दोन हंगामांत गुंडाळला. हिरव्या लोकरीच्या टोपीवर पिवळ्या धाग्यात हसरी काकडी. तसली एकच टोपी उरली होती, आणि ती ऑर्विल स्टेन्झल या त्र्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर होती. संघातला शेवटचा जिवंत खेळाडू तोच.

ऑर्विल टोपी फक्त चर्चमध्ये काढायचा आणि शेजारी बाकावर ठेवायचा. म्हणून ईस्टरलाही चर्च टाळणारा डेल्मर दर रविवारी त्याच्या मागच्या बाकावर बसू लागला. तिथून टोपी पाऊण तास छान दिसायची. तिसऱ्या रविवारी पाद्रीबाईंनी त्याची भक्ती पाहून त्याला गाणाऱ्यांत घेतलं. पाचव्या रविवारी टोपीवर नजर लावून गाताना बाकीचे थांबल्याचं त्याला कळलंच नाही, आणि एक अख्खं कडवं त्याने एकट्याने म्हटलं.

नंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी पिताना ऑर्विलने त्याला गाठलं.

"काय रे पोरा, महिनाभर तू देवापेक्षा माझ्याकडे जास्त बघतोयस."

चौसष्ट वर्षांचा पोरगा लाजला. "तुमच्याकडे नाही हो. टोपीकडे."

"हवीय?"

"म्हणजे... तुम्हाला जड होत असेल तर."

"घे. पण रोज घालायची. वाडग्यावर बसवलीस तर परत नेईन. आर्लीनने सांगितलंय मला सगळं."

"पण घाम लागतो ना हो."

"तिच्यात माझा सत्तर वर्षांचा घाम आहे. तू त्यात काय भर घालणार?"

डेल्मरने टोपी डोक्यावर ठेवली. ऑर्विलचं डोकं नारळाएवढं, डेल्मरचं भोपळ्याएवढं. टोपी टाळूवर बरणीच्या झाकणासारखी बसली. आर्लीनने बराच वेळ निरखून विचारलं, "हनुवटीखाली इलॅस्टिक लावून देऊ?"

"मी काय बालवाडीत जातो?" डेल्मर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने टोपी उडाली आणि तो सोयाबीनच्या शेतातून तिच्यामागे धावला. त्या संध्याकाळी त्याने मुकाट्याने इलॅस्टिक लावून घेतलं. खिळे आणायला गेला तर दुकानदाराने विचारलं, "वाढदिवस कुणाचा आज?"

शनिवारी शाळेच्या मैदानावर सामना होता. शेजारी ऑर्विल बोडका, नाक उन्हाने लालभडक.

"तुझ्याकडे तीनशे आहेत म्हणे. मला एखादी दे की."

आता नाही कसं म्हणणार? पुढच्या शनिवारी डेल्मरने त्यातल्या त्यात तडकलेली, १९३८ सालची एक टोपी आणली. दुसऱ्याच डावात ऑर्विलच्या हॉटडॉगमधली मोहरीची चटणी तिच्यावर सांडली. डेल्मरने डोळे मिटून घेतले.

"पिवळा खुलतो हिला," ऑर्विल म्हणाला.

डेल्मरला वाटलं होतं, आपला जीव जाईल. पण डोळे उघडले तर तो तसाच बसलेला होता, आणि यजमान संघ एका धावेने पुढे होता. मग त्यानेही एक हॉटडॉग मागवला.

त्याच्या पुढच्या शनिवारी बाकावर आणखी चार म्हातारे बोडके येऊन बसले. डेल्मर धुण्याच्या टोपलीतून अकरा टोप्या घेऊन आला आणि ज्याच्या त्याच्या मापाची टोपी देत त्या त्या संघाचा इतिहास सांगत सुटला. सामना चालू असल्यामुळे कुणी ऐकत नव्हतं. तरी तो शेवटच्या, नवव्या डावापर्यंत सांगत होता.