गच्चीवरचं वांगं

वरच्या मजल्यावरचे काका ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि आमच्या पंचवटीतल्या इमारतीच्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे मांडून शेतकरी झाले. जन्मभर शेत कसलेला माणूस बोलणार नाही तेवढं ते त्या डब्यांवर बोलायचे. जिन्यात भेटले की आधी घसा खाकरायचा, मग माझ्या पिशवीतली मेथी वाकून बघायची. "विष आणलंत. माती जिवंत पाहिजे हो, माती." त्यांच्या घरीही भाजी बाजारातलीच यायची. गच्चीवरचं फक्त दाखवायचं, तोडायचं नाही.

त्या वर्षी दिवाळीपासून त्यांनी एक वांगं अख्ख्या इमारतीला दाखवलं. चंपाषष्ठीला सकाळी काकूंनी ते खंडोबाच्या नैवेद्याच्या भरतासाठी तोडलं. मी तिथंच कपडे वाळत घालत होते. काका धावत वर आले.

"अगं, संध्याकाळी साडूभाऊ येणारेत बघायला. देवाला बाजारातलं चालतं."

काकूंनी वांगं त्यांच्या हातात ठेवलं. पिशवी घेऊन खाली उतरल्या.

काकांनी घरातून काळा दोरा आणला. वांगं देठाशी धरून झाडाला पुन्हा बांधलं, गाठ पानाआड सारली आणि दोन पावलं मागे सरून मान वाकडी करून पाहिलं. मग झारी भरून बुंध्याला पाणी घातलं.

"आठवडाभरात अजून फुगेल," ते मला म्हणाले.