ऋतुराजचा सीझन आणि रतनची नजर

ऋतुराज शिगवण टीव्हीवर दिसायला लागला, त्या वर्षी डोंबिवलीजवळच्या कोपरमधल्या त्याच्या बिल्डिंगीत ज्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं तेही तज्ज्ञ झाले. खालचा इस्त्रीवाला 'रिबाउंड' म्हणायला लागला. वरच्या मजल्यावरच्या काकू 'सेंटर म्हणजे काय हो?' असं एकाला विचारत आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच दुसऱ्याला समजावून सांगत. सामने न बघणारी एकच बाई होती त्या बिल्डिंगीत, आणि ती त्याची आई होती.

रतनला वेळ नव्हता असं नाही. ती पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची, ते काम दुपारीच आटपे. सामने असत संध्याकाळी. नवरा परशुराम आणि मुलगी संचिता टीव्हीपुढे बसली की रतन स्वयंपाकघराचं दार लोटून घेई आणि मिक्सर लावी. वाटायला काही नसलं तरी लावी. शेजारणी म्हणत, एवढा कसला ताठा म्हणते मी! ताठा कसला आलाय? बाई आत डोळे मिटून ग्रामदेवीचा धावा करत उभी असायची.

हे असं का झालं ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

ऋतुराज लहानपणापासूनच प्रमाणाबाहेर उंच. शाळेत शेवटच्या बाकावर, वर्गाच्या फोटोत मास्तरांच्या शेजारी. दहावीला येईपर्यंत घराच्या प्रत्येक चौकटीला त्याचं कपाळ आपटून झालं होतं, म्हणून रतनने जुनी गोधडी फाडून तिच्या पट्ट्या चौकटींना वरून बांधल्या. पाहुणे हसत. हसेनात का. त्याच्या मापाची चप्पल डोंबिवलीत मिळत नसे, त्याचे पाय पलंगाबाहेर जात म्हणून पायथ्याशी स्टूल ठेवावं लागे, आणि रस्त्याने जाताना लोक मान वर करकरून बघत. त्या बघण्याचा रतनला भारी राग. 'काय बघता? पोरगाच आहे ना, बुजगावणं आहे का?' असं तिने भर भाजी मार्केटात एकाला सुनावलेलं आहे.

शाळेतल्या विनीत सरांनी त्याच्या हातात बॉल दिला आणि त्या उंचीचं सार्थक झालं. बास्केटखाली पाय रोवून उभं राहायचं, अंगावर येणाऱ्याला अडवायचं, उडालेला बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून ओढून घ्यायचा, धक्के खायचे आणि द्यायचे. सेंटरचं काम ते, ऋतुराजला जमलं. कॉलेज झालं, राज्याच्या संघातून खेळून झालं, आणि मग नवी लीग निघाली तेव्हा ठाण्याच्या संघाने त्याला घेतलं. करार एका वर्षाचा. सीझन संपला की कोणाला ठेवायचं आणि कोणाला नारळ द्यायचा हे ठरणार होतं. पोराच्या आयुष्याचं सोनं व्हायचं का माती, ते त्या एका सीझनवर होतं, आणि हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

पहिला सामना ठाण्यात, माजिवड्याच्या पुढे. परशुराम शाळेची बस चालवायचा. त्याने मालकाला गळ घातली आणि ती पिवळी बस भरून अख्खी बिल्डिंग सामन्याला नेली. ऋतुराज त्या दिवशी असा खेळला की समोरच्या संघाला पळता भुई थोडी झाली. रतनला नियम कळत नव्हते, पण आपला पोरगा सगळ्यांत उंच आहे आणि सगळे त्याला घाबरताहेत एवढं कळत होतं. ती भान हरपून बघत राहिली. आणि शेजारी बसलेल्या संचिताचा हात दाबून म्हणाली, "बघ गं, माझ्या बाळाला कोण अडवू शकत नाही."

शब्द तोंडातून निघतात तोच ऋतुराज बास्केटपाशी उडाला आणि उतरताना त्याचा डावा पाय वाकडा पडला. क्षणभर तो तसाच बसून राहिला. मग उठला, हात हलवला, टाळ्या पडल्या, सामना पुढे चालू झाला. बाकी सगळे ते विसरले. रतन नाही विसरली.

घरी आल्यावर तिने त्याची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या त्याच्यावरून उतरवायच्या तर तो खाली बसल्याशिवाय हात पोचत नव्हता. मिरच्या तव्यावर जाळल्या. साधा ठसकासुद्धा लागला नाही कोणाला. म्हणजे लागलेली होती, आणि चांगलीच लागलेली होती. पण कोणाची?

तिच्या सासूबाई आता नाहीत, पण त्यांचं शिकवणं होतं. झोपलेल्या मुलाकडे कौतुकाने बघू नये, जेवत्या मुलाकडे टक लावू नये. परक्याची नजर मिठामोहरीने उतरते, आईची लागली तर उतरत नाही, कारण ती मायेची असते. ऋतुराज तान्हा असताना 'कसं बाळसं धरलंय' असं ती म्हणाली आणि त्याच रात्री तो तापाने फणफणला, हे तिला नेमकं आठवलं. झालं. ज्या पोराला डोळ्यांत तेल घालून वाढवलं, त्याच्याकडे पुन्हा बघायचं नाही असं त्या वेड्या बाईने ठरवलं. वेडी म्हणतो, पण मला तिचा राग येत नाही. तिच्याजवळ पोराला द्यायला दुसरं काही नव्हतं. नजर होती, ती तिने काढून घेतली.

पुढचा सामना ऋतुराज झकास खेळला. रतन मिक्सरपाशी होती. तिची खात्री पटली. त्यानंतरच्या सामन्यात तो निम्मा वेळ बाकावर बसून होता. रतनने आठवून आठवून शोधलं, तेव्हा सकाळी आरशात केस विंचरताना तो मागून गेला नि तिने त्याला बघितलं होतं हे सापडलं. मग तिने आरशावर टॉवेल टाकला.

सगळा सीझन असाच गेला. एका सामन्यात पोरगा वाघ, पुढच्यात शेळी. टीव्हीवरचे लोक म्हणत, गुणवत्ता आहे पण सातत्य नाही. बिल्डिंगीतल्यांनी तोंडसुख घेतलं. "मूडी आहे रे तो," म्हणे. "फेमस झाला, डोक्यात हवा गेली." संचिता भांडून यायची. परशुराम बसमध्येच बसून राहायचा, लवकर घरी यायचा नाही.

घरात रतन ऋतुराजच्या ताटाकडे बघून वाढायची. हात दिसायचे, भात दिसायचा, चेहरा नाही. "आई, जरा आमटी," म्हणाला की वाटीत आमटी पडे आणि बाई पाठमोरी होई. जन्मभर मांडी घालून जेवणारा मुलगा खुर्चीवर बसून जेवायला लागला, ते तिला दिसलं नाही. गरम पाण्याची पिशवी कोणासाठी सारखी बाहेर असते, तेही नाही. ऐकू मात्र यायचं. जिन्यावरून येताना त्याचं एक पाऊल जड आणि एक हलकं पडायचं. नवे बूट असतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

शेवटचा सामना पुन्हा ठाण्यात होता. त्या सकाळी रतनने कामावर सुट्टी घेतली होती आणि घरच्यापुरत्या पोळ्या करत होती. ऋतुराज स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. गोधडीच्या पट्टीला डोकं टेकवून.

"आई, आज येशील?"

"मला कुठे कळतं त्यातलं? तू जा. देवीला सांगितलंय मी."

"सगळ्यांच्या आया येतात गं. एकदाच आलेलीस तू."

"पोळ्या कोण करणार मग?"

तो तिथेच उभा. मग अगदी लहान असताना बोलायचा तशा आवाजात म्हणाला, "माझ्याकडे बघ ना जरा."

रतनचा हात तव्यावर होता. मान वळवायची तेवढीच बाकी होती. आज वर्षाचा फैसला होता आणि तिचं मन म्हणालं, आजचा दिवस तरी नको, संध्याकाळी घरी आला की पोटभर बघू. "पोळी करपेल रे," ती म्हणाली. "नीघ, उशीर होईल."

जड पाऊल, हलकं पाऊल, असं करत तो जिना उतरून गेला.

त्या संध्याकाळी मिक्सरच्या आवाजातून संचिताची किंकाळी ऐकू आली. रतन धावत बाहेर आली तेव्हा टीव्हीवर तिचा मुलगा आडवा पडलेला होता आणि ते पुन्हा पुन्हा दाखवत होते. एवढ्या महिन्यांत तिने त्याच्याकडे बघितलं ते असं.

ठाण्याच्या इस्पितळातले डॉक्टर शांत, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी समजेल असं सांगितलं. गुडघ्यातली एक दोरी सीझनच्या सुरुवातीलाच अर्धी फाटलेली होती. तेव्हा विश्रांती घेतली असती तर पोरगा पुढच्या वर्षी धावला असता. पण तो तसाच खेळत राहिला. दुखणं दाबायच्या गोळ्यांचा गुण आला त्या दिवशी चांगला, नाही आला त्या दिवशी वाईट. आता दोरी तुटली आणि आतली गादीही झिजून गेली. ऑपरेशन करू, चालेल, जिने चढेल. खेळायचं मात्र विसरा.

"पण आम्हाला कसं कळलं नाही?" परशुराम म्हणाला.

"त्याने संघाच्या फिजिओलासुद्धा सांगितलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "करार जाईल म्हणून. पण घरात त्याच्या चालण्यावरून लक्षात यायला हवं होतं."

रतनला शाळेतला ऋतुराज आठवला. हा मुलगा शाळेतून यायचा तेव्हा फाटकातून आत शिरतानाच तिला कळायचं, आज कोणाशी मारामारी झाली, आज पोटात दुखतंय, आज गणितात नापास झालाय. एकदा नुसतं नीट बघितलं असतं तर पुरलं असतं.

ती आत गेली. पलंग तोकडा होता, पायांखाली कोणीतरी खुर्ची लावली होती. ऋतुराज छताकडे बघत पडला होता. ती त्याच्या तोंडावर ओणवी झाली आणि बघायला लागली. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं. किती वाळला होता पोरगा, आणि कधी?

"का रे सांगितलं नाहीस मला?" ती म्हणाली. "परक्यांचं ठीक आहे. मला का नाही?"

ऋतुराजने तिच्याकडे असं बघितलं की तिला काही उमगेना.

"तुला माहीत नव्हतं?"

"मला कसं माहीत असणार?"

"तुला सगळंच कळतं ना माझं. मला वाटलं, तुला पहिल्याच दिवशी कळलंय. म्हणून तर तू माझ्याकडे बघत नाहीस." तो थांबून थांबून बोलत होता. "मी म्हटलं, आईला दिसतंय आणि आई गप्प आहे. म्हणजे तिला पण वाटतंय, सीझन काढावा. रोज ठरवायचो, आज तू विचारलंस की बंद करायचं खेळणं. तू विचारलंच नाहीस. मग मी खेळलो."

रतनने तोंडात पदर कोंबला, पण हुंदका आवरला नाही. रडतच तिने सगळं सांगितलं. पहिला सामना, मिरच्या, सासूबाई, मिक्सर, आरशावरचा टॉवेल. मुलगा ऐकत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो रागावला नाही. त्याने तिचं डोकं आपल्या भल्यामोठ्या पंजात धरलं.

"कोणत्या आईची नजर लागते गं," तो म्हणाला. "वेडी आहेस."

संघाने दुसरा सेंटर घेतला. महिनाभराने ऋतुराज घरी जेवायला बसला, खुर्चीवर, पाय लांब करून. बिल्डिंगीतली मंडळी येऊन, च्यक् च्यक् करून गेली होती. इस्त्रीवाल्याच्या तोंडी आता क्रिकेट होतं. रतनने ताट वाढलं आणि सवयीने पाठ फिरवली. मग थबकली, वळली, आणि त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली. हेच स्टूल त्याच्या पायथ्याशी असायचं. ती टक लावून बघू लागली. घास उचलताना, चावताना, पाणी पिताना.

ऋतुराज तिचं मन राखायला हसला. "बघ आता पोटभर," म्हणाला. "आता नजर लागण्यासारखं काही राहिलं नाही."

तो चेष्टेने म्हणाला, हे तिला कळत होतं. तरी तिने उठून ओंजळीत मीठमोहरी घेतली आणि त्याच्यावरून उतरवली. या वेळी तो बसलेलाच होता, त्यामुळे तिचा हात सहज पोचला.