सुलाकाकीनं उचललेला भंडारा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वाडीला राक्षस पाहिजे होता. तो सापडायच्या आधी चेटकीण सापडली. ती माझी सख्खी चुलती, सुलाबाई.

आटपाडीजवळच्या माळावर आमची धनगरांची वाडी. त्या साली जग संपल्यातच जमा होतं. विहिरींच्या तळाला भेगा, दिवसभर खडी फोडायची आणि सरकारी सुकडी खाऊन झोपायचं. गुरं मेली की ओढ्यात नेऊन टाकायची. खड्डा घ्यायची ताकद नाही, असं सगळे म्हणत. खडी फोडायची ताकद मात्र होती.

काकीचा गुन्हा एवढाच की मेलेलं मेंढरू दिसलं की ती सुरी घेऊन बसे. फाडून बघायची. ते कशानं गेलं हे कळल्याशिवाय तिला भाकरी गोड लागत नसे. बाईमाणसानं मेल्या जित्राबाला सुरी लावू नये, असं आमच्याकडे मानतात. त्यात ती विधवा आणि त्यात तोंडाळ. चेटकीण ठरायला आणखी काय लागतं?

मग वाड्यातली, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणातली, कोकरं फाडलेली सापडायला लागली. काट्याचं कुंपण जागच्या जागी आणि आत रक्त. खवीस आलाय, आणि तो सुलीनंच सोडलाय, असं ठरलं. सगळ्यात जास्त कोकरं आप्पासोची गेली होती. त्यानं बिरोबाच्या देवळापुढं माणसं गोळा केली आणि काकीपुढं भंडारा धरला. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती हातात घेऊन आमच्यात कुणी खोटं बोलत नाही.

"उचल आनि सांग, मी चेटकी न्हाई म्हणून. न्हाईतर वाडी सोड."

त्या दिवसांत वाडी सोडायची म्हणजे मरायचंच. टँकर वाडीत यायचा, सुकडी वाडीत वाटायचे. माळावर एकट्या बाईला कोण पाणी देणार होतं?

काकीनं भंडारा उचलला. "मी कोण हाय ते तुमास्नी सांगायला मी बांधलेली न्हाई. कोकरं कोण मारतंय, त्येला येत्या रविवारी हितं आणून हुबं करते. न्हाई आणलं तर जाते."

दुसऱ्या दिवशी तिनं मेलेलं कोकरू मांडीवर घेतलं. मागच्या मांड्या फाडलेल्या, गळ्याला दात नाही. लांडगा गळा धरतो आणि उचलून नेतो, एवढं आमच्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. इथं मारून टाकून दिलेलं. म्हणजे मारणारा उपाशी नव्हता. बाहेरूनही आला नव्हता, आतच होता.

आत कुत्री असत. पण आमच्यात कुत्रं देवाचं. त्याच्यावर संशय घेणं पाप, म्हणून सगळी वाडी खविसाला घाबरून बसली आणि कुत्र्यांना मात्र रोज आपल्यातला तुकडा घालत राहिली.

काकीचा स्वतःचा कुत्रा होता, भुंग्या. लांडग्यानं मान धरू नये म्हणून आमच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. तिनं त्या पट्ट्याखाली हात घातला. बोटांना रक्तानं चिकटलेली कोवळी लोकर लागली. तिनं पट्टा धुतला असता तर कुणाला कळलं नसतं. "लय रडले गं त्या दिशी," असं तिनं मला पुढं सांगितलं. पण पट्टा धुतला नाही.

रविवारी ती भुंग्याला दाव्यानं धरून देवळापुढं आली. "ह्यो घ्या तुमचा खवीस."

आप्पासोला आनंद झाला. "बघा, चेटकीचंच कुत्रं निघालं!"

"व्हय, माझंच. ओढ्यातलं मढं खाऊन चटावलंय. तिथं एकटं जात नव्हतं. आता तुमी आपापल्या कुत्र्याच्या पट्ट्याखाली हात घाला, आनि भंडारा उचलून सांगा काय लागलं ते."

एकही माणूस जागचा हलला नाही. मला अजून त्यांचा राग येतो. शेवटी आप्पासोची म्हातारी आई, भामाबाई, उठली. तिनं आपल्याच दारच्या कुत्र्याच्या पट्ट्याखाली हात घातला आणि बोटं लेकापुढं धरली. बोटांवर लोकर होती. काकीनं वाडी सोडायचं नाव मग कुणी काढलं नाही.

आप्पासो खाली बघत म्हणाला, "सुले, आता तुला कुणी चेटकी म्हणायचं न्हाई."

"म्हणा की. मेल्याला हात लावते म्हणून चेटकी, तर हाय मी चेटकी. पर उद्या समद्यांनी कुत्री बांधायची, आनि ओढ्यात खड्डा घ्यायचा."

सकाळी सगळे बाप्ये ओढ्यात उतरले. पहिली कुदळ आप्पासोनं मारली. काकी भुंग्याला धरून काठावर उभी होती. खड्डा कमरेएवढा झाल्यावर ते घाम पुसत वर यायला लागले.

"आजून खोल घ्या," काकी म्हणाली. "तुमास्नी लाज नसंल, पर कुत्र्याला नाक हाय."

ते पुन्हा खाली उतरले.