विचारायला कुणीतरी

इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण ज्यू आहे. पाचव्या महिन्यात तिचं ब्लड प्रेशर इतकं चढलं की डॉक्टरांना गर्भपात करावा लागला. मी खिचडी घेऊन भेटायला गेले, तर तिनं सगळं सरळ सांगितलं, आवाज खाली न करता.

दवाखान्यातून तिनं आपल्या धर्मगुरूंना, रॅबायंना, फोन केला होता. बाई आहेत त्या. त्यांनी आधी डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं, मग सांगितलं, बाळ जन्माला येईपर्यंत आईचा जीव पहिला; इथे नुसती मुभा नाही, तिला वाचवणं हे कर्तव्यच आहे. गर्भपाताच्या बाकी कारणांवर ज्यूंमध्येही पुष्कळ वाद आहेत म्हणे. तिची जाऊ तर धर्माच्या बाबतीत फार कडक, पण जिवाचा प्रश्न आला तेव्हा तिनंही हरकत घेतली नाही. सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या, बायकांच्या डब्यांनी फ्रिज भरला होता.

मी जळले. दुसरीच्या दुःखाचा कसला हेवा, पण वाटला.

तीन वर्षांपूर्वी माझंही असंच झालं होतं. अवेळी पाणी गेलं, ताप चढला, थांबलात तर तुम्हीच जाल, असं डॉक्टर म्हणाले आणि गर्भ काढावा लागला. पण आम्ही सगळ्यांना सांगितलं, आपोआप पडलं. घरात एक मुलगी होती, आणि दुसरीही मुलगीच आहे हे आम्ही इथल्या रीतीप्रमाणे हौसेनं केक कापून जगजाहीर केलेलं. 'पाडलं' म्हटल्यावर आपल्या लोकांनी काय समज करून घेतला असता ते सांगायला नको. मराठी मंडळातल्या काकूंचे डिंकाचे लाडू मी चोरीचे असल्यासारखे खाल्ले. सासूबाई पुण्याहून विचारत राहिल्या, पपई खाल्लीस का? शेवटी कंटाळून हो म्हटलं.

"तुमचं बरं आहे," मी शेजारणीला म्हणाले. "विचारायला कुणीतरी असतं. परवानगी मिळाली की मोकळे." बोलले आणि जीभ चावली.

"मोकळी कसली," ती म्हणाली. "रोज रडते. फक्त लपून रडावं लागत नाही."

मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. तिनं हात धरला आणि विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

"मुलगी," मी म्हणाले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथे शंका आलीच नाही, नुसतं वाईट वाटलेलं दिसलं. ज्यांना आपल्या माणसांत असा चेहरा सहज मिळतो, त्यांचाही मला हेवा वाटला.