शेजारच्या कपाटातल्या माशा

मार्च सरता सरता कात्रपच्या आमच्या गल्लीत जांभळाच्या फुलोऱ्याचा तुरटगोड वास साचून राहतो, आणि संध्याकाळचं पिवळं ऊन गॅलरीच्या गजांमधून आत सरकू लागलं की मला दोन हजार चार सालचा माझा मत्सर आठवतो.

चामटोलीच्या एका शेतकऱ्याकडून मी सातेरी जातीच्या मधमाशांची लाकडी पेटी आणली होती. माझी मुलगी मेधा तेव्हा सातवीत होती. जेवताना मी तिला सांगायचो, की एक कामकरी माशी अख्ख्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध करते, ऐन हंगामात ती सहाएक आठवडेच जगते, फुलं सापडली की पोळ्यावर नाचून इतरांना दिशा आणि अंतर दोन्ही कळवते, आणि आणलेल्या पातळ रसातलं पाणी पंखांच्या वाऱ्याने उडवते. मेधा घास हातातच धरून ऐकायची. तिच्या त्या डोळ्यांसाठीच पेटी आणली होती, हे आज कबूल करतो.

"सारखी उघडू नका, राहायच्या नाहीत," शेतकऱ्याने बजावलं होतं. पण न मोजता एखादी वस्तू घरात ठेवणं मला जमत नाही. ऑफिसातून आलो की मी झाकण काढायचो, चौकटी उचलायचो, किती घरं भरली ते वहीत टिपायचो. विसाव्या दिवशी पेटी रिकामी होती.

दोन दिवसांनी माशा सापडल्या त्या शेजारच्या गायकवाडांच्या गॅलरीत, भंगारात द्यायचं राहून गेलेल्या मोडक्या कपाटात. गायकवाड अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते.

"साहेब, तुमचं ऑडिट नाय झेपलं त्यांना," ते हसले. "मी तर कपाटाचं दारच उघडत नाय."

मेधा शाळेतून थेट त्यांच्याकडे जाऊ लागली. जेवताना मी राणीमाशीविषयी सुरुवात केली की ती म्हणायची, "बाबा, दुपारी त्यांचा आवाज बदलतो. गायकवाडकाकांनी ऐकवला. तुम्हाला माहितीये?" मला माहीत नव्हतं. माझ्याआधी बढती मिळालेल्या सहकाऱ्याचाही मी इतका हेवा केला नव्हता.

रविवारी मी शेतकऱ्याला बोलावलं, माशा परत पेटीत भरायला. गायकवाडांनी दोरीवरचे कपडे काढून जागा करून दिली. "न्या की, तुमच्याच आहेत." त्यांच्या स्वरात जराही आकस नव्हता, आणि नेमकं तेच मला सहन होईना. मेधा मात्र कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

शेतकऱ्याने धुरासाठी गोवरी पेटवायला घेतली, तेव्हा मी त्याला थांबवलं. तो मोठेपणा नव्हता. माशा पेटीत परत आल्या असत्या, पण पेटीपाशी मेधा येईल की नाही, याचा हिशेब मला मांडता येईना.

ती थोडी बाजूला सरकली. तेवढ्या जागेत मी कपाटाच्या दाराला कान लावला. आत कितीतरी होत्या. किती, ते तिने विचारलं नाही, आणि मीही मोजलं नाही.