बाबा उठून उभे राहिले

बाबांनी पाणी पिणं कमी केलं, हे माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी जवळजवळ तसाच असायचा. विचारलं तर म्हणायचे, "तहानच नाही लागत वं." मणक्याच्या दुखण्याने त्यांच्या पायांतलं बळ गेलं होतं, आणि बाथरूमला धरून न्यायला घरात मी एकटीच. मुलीसमोर त्यांना इतकं ओशाळं वाटायचं की त्यांनी तहानच मारून टाकली होती. मला कळलं होतं, पण मी बोलले नाही.

ओळखीतून मागून आणलेली व्हीलचेअर बाथरूमच्या दारात अडकायची. मी शिवणकामाच्या टेपने चौकट मोजली आणि सदर बाजाराकडचं सर्जिकलचं दुकान गाठलं. दारातून जाईल अशी अरुंद, मोठ्या चाकांची खुर्ची मिळत होती. हातांनी चाकं फिरवत बाबा एकटे आत गेले असते. हात त्यांचे अजून मजबूत होते. पण किंमत माझ्या खाजगी शाळेच्या पगाराला झेपणारी नव्हती. बाबांच्या सरकारी खात्याची निवृत्त लोकांसाठी वैद्यकीय योजना होती, त्यातून पैसे मिळाले असते. पण आधी मंजुरी, मग खरेदी, मग बिल. मंजुरीला सरकारी डॉक्टरांच्या बोर्डाचा दाखला हवा, की हा माणूस उभा राहू शकत नाही. आणि हे दाखवायला त्या माणसाला उचलून, रिक्षात घालून, अर्धं शहर ओलांडून न्यायचं. काय बोलायचं!

आदल्या दिवशी मी त्यांना चांगलं पढवलं. "बाबा, डॉक्टर आले तरी बसूनच राहायचं."

"हव, समजलं ना. मी का लहान पोट्टा आहो?"

बाबांची सगळी नोकरी कारकुनीत गेली. साहेब आत आले की खुर्ची मागे सरकवून उभं राहायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. घरी टपाल द्यायला आलेल्या माणसालाही त्यांनी कधी बसून सही दिली नाही.

बोर्डासाठी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. दवाखान्यातल्या दोघांनी त्यांना उचलून टेबलासमोर बसवलं. दार उघडलं, तीन डॉक्टर आत आले, आणि बाबांनी दोन्ही तळवे टेबलावर दाबले. दंड थरथरत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पण ते उठले. नमस्कार म्हणण्यापुरते का होईना, उभे राहिले.

"बैठिए, बैठिए बाबूजी," मोठे डॉक्टर अगदी प्रेमाने म्हणाले, आणि त्यांनी कागदावर लिहिलं.

खिडकीवरच्या बाईंनी मला ते वाचून दाखवलं. "दीदी, इसमें लिखा है, सहारे से खड़े हो लेते हैं. कुर्सी पास नहीं होगी. छह महीने बाद दोबारा आइए."

माझा तोल गेला. भर व्हरांड्यात मी ओरडले, "काहून उठले बाबा? एवढं सांगितलं होतं ना! आता राहा सहा महिने तहानलेले!"

"मोठे साहेब होते वं. बसून राहणं बरं दिसते का?" ते म्हणाले, आणि मग एकदम त्यांनी नजर वळवली. पाण्याचं मला माहीत आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. घरी पोचेपर्यंत ते माझ्याकडे न बघता बाहेर बघत राहिले. त्या वाक्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

ते सहा महिने वाईट गेले. दोनदा लघवीचा संसर्ग झाला, तापाने ते बडबडले. मी पेला भरून त्यांच्याजवळ ठेवायची आणि खोलीतून निघून जायची.

दुसऱ्या वेळी खोली तीच होती, टेबलही तेच. या खेपेला तिघांत पुढे आल्या त्या डॉक्टर माझ्याहूनही लहान होत्या. बाबांचं अंग उचललं गेलं, मला दिसलं. पण त्यांनी खुर्चीच्या दोन्ही कडा गच्च धरल्या आणि स्वतःला खाली दाबून ठेवलं. मान खाली घालून म्हणाले, "माफ करना मैडम, उठ नहीं पा रहा हूँ."

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दाखला मिळाला. रिक्षात मी रडले, आणि बाबाच माझ्या हातावर थोपटत राहिले.

महिन्याभराने मंजुरी आली, मग खुर्ची आली. दुकानातून आलेल्या माणसाच्या कागदावर बाबांनी बसून सही केली आणि त्याचीही माफी मागितली. तो गेल्यावर मला म्हणाले, "तू सरक." पहिल्यांदा चाक चौकटीला घासलं. दुसऱ्यांदा ते आत गेले आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून ठेवला.

बऱ्याच वेळाने ओली चाकं फिरवत ते माझ्या मागे येऊन थांबले.

"पोरी, पाणी दे वं."

त्यांनी पेला एका दमात रिकामा केला आणि परत माझ्यापुढे धरला.